२०० चा प्लॅन, मागच्या खोलीत ९. वायफाय नेमकं कुठे गळतंय?

मनीषनगरकर

सगळी माहिती एकदाच टाकतो, म्हणजे विचारपूस करण्यातच दहा प्रतिसाद जायचे नाहीत.

नागपूर, मनीषनगर, सात मजली इमारत, तिसरा मजला, टू बीएचके. फायबर, २०० एमबीपीएसचा प्लॅन. वायर गॅलरीतून हॉलच्या खिडकीजवळ आत येते, त्यामुळे कंपनीचा ओएनटी डबा (फायबरचा सिग्नल लॅन केबलवर देणारा) तिथेच भिंतीवर ठोकलाय. त्याचं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आहे, म्हणून ते बंद करून स्वतःचा वायफाय ६ राउटर लॅन केबलने जोडला. हॉल, मग पॅसेज, मग मागची बेडरूम. राउटरपासून बेडरूमच्या टेबलापर्यंत सरळ रेषेत ११ मीटर, मध्ये दोन भिंती.

स्पीड टेस्ट : हॉलमध्ये ९०-९४, पॅसेजमध्ये ५० च्या आसपास, मागच्या खोलीत दुपारी २५ आणि रात्री नऊनंतर ९. मार्चपर्यंत याच खोलीत ४० मिळायचे. कस्टमर केअर "राउटर बंद करून चालू करा" याच्या पुढे सरकत नाही. मेश (एकमेकांशी जोडलेले दोन-तीन राउटर) घ्यायचा विचार आहे. कोणता घेऊ?

झिरो_माईल

मेश आत्ता नको. तुमच्या आकड्यांत दोन वेगळे रोग दिसतात आणि मेशने त्यातला एक जाणार नाही.

पहिला : हॉलमध्ये ९४. २०० च्या प्लॅनवर १२० किंवा १५० आले असते तर वायफायवर संशय घेतला असता. ९३ ते ९५ वर आकडा अडकला की मार्गात कुठेतरी १०० एमबीपीएसचा इथरनेट दुवा आहे असं समजा. हेडर वगैरेचा खर्च वजा जाता १०० च्या पोर्टमधून एवढंच हाती लागतं.

दुसरा : मागच्या खोलीतली घसरण. ते खरं वायफायचं दुखणं.

आधी चार मोजमापं करा. प्रत्येक ठिकाणी तीनदा टेस्ट आणि मधला आकडा घ्या. सकाळी अकराला एकदा, रात्री नऊला एकदा.

१. लॅपटॉप केबलने थेट ओएनटीला.
२. लॅपटॉप केबलने राउटरच्या लॅन पोर्टला.
३. राउटरपासून दोन मीटरवर, फक्त ५ गिगाहर्ट्झवर.
४. मागच्या खोलीत, ५ वर एकदा आणि २.४ वर एकदा. सोबत सिग्नलचा डीबीएम आकडा (उण्यात असतो, शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार).

लॅपटॉपचा लॅन पोर्ट गिगाबिट आहे ना, ते आधी बघा. नाहीतर लॅपटॉपच ९४ दाखवेल आणि आपण भलतीकडेच शोधत बसू.

सावजी_सर्व्हर

भाऊ, मार्चपर्यंत ४० आणि आता ९, आणि तू विचारून राहिला मेश कोणता घेऊ! एप्रिलमध्ये खिडकीत काय आलं ते सांग ना. कूलर लागला न?

मनीषनगरकर

हो, लागला. लोखंडी बॉडीचा, गॅलरीत स्टँडवर, तोंड हॉलच्या खिडकीत. कूलरमुळे एवढा फरक पडतो?

वैनगंगा

मध्ये आला तर पडतो. पत्र्याची बॉडी रेडिओ लहरी पार जाऊ देत नाही, परतवते. टाकीतलं आणि ओल्या जाळीतलं पाणी त्या शोषतं. फायबर बॉडीचा कूलर पत्र्याइतका अडवत नाही, पण पन्नास-साठ लिटर पाणी भरलं की तोही भिंतच. दर उन्हाळ्यात गावभर "वायफाय स्लो झालं" म्हणून ओरड होते, त्यातल्या काहींचं उत्तर खिडकीत उभं असतं.

डेसिबल

वैनगंगा, तत्त्व बरोबर, पण इथे भूमिती जुळत नाही. कूलर खिडकीच्या बाहेर आहे आणि सिग्नलला आत, उलट दिशेला जायचंय. त्याने फार तर गॅलरी झाकली जाईल.

मनीषनगरकर, कूलरचं तोंड खिडकीत बसलं तर तुमचा राउटर आता कुठे आहे? आधी कट्ट्यावर होता का?

मनीषनगरकर

बरोबर पकडलंत. आधी खिडकीच्या कट्ट्यावर होता. कूलर बसवताना टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात, टीव्हीच्या मागे सरकवला. जुनी केबल पुरेना म्हणून घरात पडलेली पाच मीटरची दुसरी लावली.

सावजी_सर्व्हर

म्हणजे कूलरच न! मी काय म्हटलं :)

डेसिबल

अर्धे मार्क.

टीव्हीच्या मागे म्हणजे राउटरसमोर धातूचं पॅनल. जमिनीपासून फूटभर उंचीवर म्हणजे सोफा, पलंगाचा बॉक्स, कपाटाचा खालचा भाग, सगळं वाटेत. शेजारी सेट टॉप बॉक्स. त्यात कुणी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क राउटरला किंवा टीव्हीला लावलेली असेल तर ती २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करते, तिला मीटरभर लांब ठेवायचं.

मागच्या खोलीच्या सामायिक भिंतीला लोखंडी कपाट लागून आहे का तेही पाहा. आरसा असेल तर तोही मोजा, आरशामागचा मुलामा धातूचाच असतो.

मनीषनगरकर

मोजमापं. लॅपटॉपचा पोर्ट गिगाबिट आहे, तपासलं.

ओएनटीला थेट : १९७
राउटरच्या लॅनला : ९४
५ गिगाहर्ट्झ, दोन मीटरवर : ९३
मागची खोली, ५ गिगाहर्ट्झ : उणे ८१ डीबीएम, ६ ते २०, मधेच तुटतं
मागची खोली, २.४ : उणे ६९ डीबीएम, दुपारी २४, रात्री ९

पहिले तीन आकडे सकाळी-रात्री जवळपास तेच. कपाट आहे, लोखंडी, पण त्या भिंतीला नाही, बाजूच्या भिंतीला.

झिरो_माईल

उत्तम. ओएनटीला १९७ आले म्हणजे कंपनीची लाइन निर्दोष. तक्रार नोंदवायची गरज नाही, ती शक्ती वाचवा.

ओएनटी ते राउटर या पाच मीटरमध्ये १९७ चे ९४ होतात. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन पोर्टचा (ओएनटीची केबल लागते तो) वेग दिसतो. तिथे १०० असणार. राउटरच्या खोक्यावर गिगाबिट पोर्ट लिहिलेले असतील तर दोष त्या "घरात पडलेल्या" केबलचा.

कारण असं. लॅन केबलमध्ये चार जोड्या, आठ तारा. १०० च्या वेगाला फक्त १, २, ३ आणि ६ या पिना लागतात, म्हणजे केशरी आणि हिरवी जोडी. गिगाबिटला चारही लागतात. निळी (४, ५) किंवा तपकिरी (७, ८) यातली एक तार तुटली किंवा टोकाच्या प्लास्टिकच्या क्लिपमध्ये नीट पोचली नाही, तर इंटरनेट बंद पडत नाही. दोन्ही बाजूची यंत्रं गुपचूप १०० वर येतात. दिवा लागलेला, नेट चालू, म्हणून कुणाला संशयच येत नाही.

मनीषनगरकर

स्टेटस पान : १०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स. राउटरचे चारही पोर्ट गिगाबिट.

तारवाला_इतवारी

केबलवर काय छापलंय ते वाचून सांगा. कॅट ५ई किंवा कॅट ६ असेल तर क्लिप बदलून वाचेल. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल भरपूर फिरते, तिच्यावर सीसीए लिहिलेलं असतं, पण बऱ्याचदा काहीच लिहिलेलं नसतं. ओळखायची सोपी खूण : तारेचं टोक ब्लेडने खरवडा, आतून पांढरट निघालं तर ॲल्युमिनियम. ती दोन-चारदा वाकवली की तुटते. फेकून द्या.

क्लिप मारायची रीत, कारण नव्वद टक्के गडबड इथेच :

बाहेरचं कव्हर अडीच सेंटीमीटर सोला. आतल्या तारांना ब्लेड लागू देऊ नका, लागलीच तर तेवढा तुकडा कापून पुन्हा. जोड्यांचा पीळ उलगडा, पण क्लिपबाहेर उलगडलेला भाग राहू नये. क्लिपची पट्टी खाली, सोनेरी पिना वर धरल्यावर डावीकडून क्रम : पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. तारा बोटांनी सरळ करून एका रेषेत कापा, सव्वा सेंटीमीटर शिल्लक ठेवा आणि ढकला. क्लिपच्या पुढच्या टोकाला आठही तारांचे तांब्याचे ठिपके दिसले पाहिजेत. सात दिसले तर दाबू नका, बाहेर काढा. कव्हर क्लिपच्या आत जाऊन मागच्या दाताखाली आलं पाहिजे, नाहीतर उद्या कुणी झाडू मारताना ओढलं की तारा सुटल्या.

सगळ्यात जास्त चूक चौथ्या-पाचव्या-सहाव्या पिनेवर होते. लोक हिरवी जोडी शेजारी-शेजारी ठेवतात. तसं नाही, हिरवी सहाव्या जागी, मध्ये निळी जोडी.

हे नको असेल तर बर्डीच्या बाजारात तयार, साच्यातल्या क्लिपची तांब्याची कॅट ६ मिळते. पाच मीटरसाठी क्लिप दाबायचं क्रिम्पिंग टूल विकत घेण्यात अर्थ नाही.

संत्राबर्फी

डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) गूगलचा ८.८.८.८ करा आणि राउटरची ट्रान्समिट पॉवर फुल करा. फरक पडेल.

डेसिबल

डीएनएस बदलून पान उघडायला लागणारा पहिला क्षण थोडा कमी होऊ शकतो. डाउनलोडचा वेग तसूभरही वाढत नाही. राउटरला केबलने ९४ येत असताना तर नाहीच.

पॉवरचं म्हणाल तर वायफाय म्हणजे दोघांचं बोलणं. राउटर ओरडून बोलला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो. फोनवर चार रेघा भरलेल्या आणि व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्याला तुमचा आवाज तुटक, याचं एक कारण हेच. बहुतेक राउटर आधीच "हाय" वर असतात.

आता जागा. मनीषनगरकर, राउटर हॉलच्या पॅसेजकडच्या टोकाला, जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवर, भिंतीपासून चार बोटं लांब. शक्य झालं तर पॅसेजच्या तोंडाशीच, म्हणजे एक भिंत वाटेतून जाते. त्यासाठी १० ते १२ मीटर केबल लागेल. लॅन केबलला १०० मीटरपर्यंत वेगाचं नुकसान नाही, त्यामुळे फायबरची वायर सरकवायला माणूस बोलवायची गरज नाही. ओएनटी तिथेच राहू द्या.

अँटेना : दांडीतून सिग्नल आडवा, वड्याच्या आकारात पसरतो. दांडीच्या टोकाच्या दिशेने सगळ्यात कमी जातो. म्हणून बेडरूमकडे "नेम धरून" अँटेना वळवू नका. एकाच मजल्यावरचं घर असेल तर सगळ्या उभ्या ठेवा. डुप्लेक्स असेल तर एक आडवी.

वैनगंगा

रात्री नऊनंतर २.४ का पडतं, ते राहिलं. सिग्नल तोच, उणे ६९, पण २४ चे ९. हे शेजाऱ्यांमुळे. एकाच चॅनलवरचे सगळे राउटर आळीपाळीने बोलतात. रात्री सगळे घरी, सगळ्यांचं चालू.

फोनवर वायफाय ॲनालायझर टाकून किती नेटवर्क कुठल्या चॅनलवर आहेत ते मोजा. तुमचा राउटर कितीवर आहे, आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ आहे की ४०?

मनीषनगरकर

एकूण २३ नेटवर्क. चॅनल १ वर ९, ११ वर ८, ६ वर ४, एक ३ वर आणि एक ८ वर. माझा "ऑटो", सध्या ११ वर, रुंदी ४०. ५ गिगाहर्ट्झवर फक्त ६ नेटवर्क, पाचही ३६ वर आणि सहावा माझाच, तोही ३६ वर.

वैनगंगा

२.४ : रुंदी २०, चॅनल ६ पक्का करा, ऑटो बंद. ४० ची रुंदी इमारतीत घेतली की अर्धा पट्टा तुम्ही अडवता आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची रांग तुमच्या वाट्याला येते. मोकळ्या प्लॉटवरच्या एकट्या बंगल्यात ठीक.

३ आणि ८ वर बसलेले दोघे सगळ्यांनाच त्रास देतात. १, ६, ११ हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. मधला चॅनल घेतला की दोन्हीकडे गोंगाट, आणि तो वेगळ्या चॅनलवर असल्याने आळीपाळीचा शिष्टाचारही नीट पाळला जात नाही. ओळखीचे असतील तर सांगून पाहा.

५ : ३६ सोडा, १४९ घ्या, रुंदी ८०. फोन किंवा टीव्हीला नेटवर्क दिसेनासं झालं तर तेवढ्या यंत्राला तो चॅनल चालत नाही असं समजून परत ३६ वर. ५२ ते १४४ मधले चॅनल रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. राउटर सुरू झाल्यावर किमान मिनिटभर नुसता ऐकत बसतो, आणि चालू असताना रडारची चाहूल लागली तर चॅनल सोडतो. तेव्हा घरातलं ५ अचानक गायब होतं. बिघाड नाही, नियम आहे.

आणि वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा. कुठे टीकेआयपी ही जुनी पद्धत निवडलेली राहिली असेल तर जोडणी ५४ एमबीपीएसच्या वर जातच नाही. जुन्या राउटरची सेटिंग नव्यात जशीच्या तशी उतरवताना हे राहून जातं.

बेसा_रोड

धाग्यात घुसतो, पण प्रश्न जवळचाच. सगळ्यात वरचा मजला, राउटर स्लॅबखाली लोखंडी शेल्फवर. मे महिन्यात दुपारी दोन ते पाच रोज दोनदा-तीनदा रीस्टार्ट. सकाळी काही नाही. राउटर गेला का?

झिरो_माईल

बहुतेक नाही. खालचं लेबल किंवा माहितीपत्रक पाहा. घरगुती राउटरला साधारण ० ते ४० अंशांची हमी असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि उघड्या गच्चीखालच्या स्लॅबला लागून हवा त्याहून तापलेली. राउटर छतापासून निदान दोन फूट खाली आणा, उभा ठेवा, स्टॅबिलायझर किंवा सेट टॉप बॉक्सवर ठेवू नका. वरचं प्लास्टिकचं कव्हर असेल तर काढा. कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका, ती हवा ओली असते, पोर्टच्या पिना गंजतात.

पण आधी ॲडॉप्टर तपासा, कारण गरम झाल्यावर तोच आधी मान टाकतो. राउटरवर १२ व्होल्ट १.५ अँपिअर लिहिलं असेल आणि जुना १ अँपिअरचा लावलेला असेल, तर कमी भारावर चालतो आणि दोन-चार यंत्रं जोडली की रीस्टार्ट. व्होल्ट तेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेची ध्रुवता तीच. राउटरसाठीचा छोटा यूपीएस असेल तर त्याच्या आउटपुटचंही हेच पाहा. ओएनटी आणि राउटर दोन्ही त्यावर असतील तर दोघांच्या अँपिअरची बेरीज धरा.

तारवाला_इतवारी

धागा वाचणाऱ्या इतरांसाठी एक. ज्यांचं ओएनटीला थेट लावूनही कमी येतं, त्यांनी ओएनटीच्या पानावर ऑप्टिकल आरएक्स पॉवर (फायबरमधून पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) पाहावी. उणे १५ ते उणे २५ डीबीएम असेल तर ठीक. उणे २७ च्या खाली गेली की लाइन लटपटते, आणखी पडली की एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा. घरातलं कारण बहुधा एकच : पिवळी किंवा पांढरी बारीक वायर कपाटामागे चेपलेली किंवा खिळ्याला करकचून बांधलेली. गुंडाळी करायची तर चहाच्या बशीएवढी, त्याहून लहान नाही. हिरवी क्लिप निळ्या सॉकेटमध्ये कोंबायची नाही, दोन्हीच्या टोकांचा तिरकसपणा वेगळा असतो. वायरच्या उघड्या टोकात डोळा लावून पाहू नका, तो प्रकाश दिसत नाही पण असतो.

घराबाहेर संक्रांतीनंतर अडकलेला मांजा पाहा. वाऱ्याने तो वायरीवर घासत राहतो. आणि तक्रार करताना "वायफाय स्लो" म्हणू नका, लगेच राउटर बंद-चालू करायला लावतात. "ओएनटीला केबलने इतके येतात, आरएक्स पॉवर इतकी" असं सांगा आणि तक्रार क्रमांक घ्या.

मनीषनगरकर

बदल केले. आकडे :

नवी केबल, वॅन पोर्ट १००० दाखवतो. राउटर पॅसेजच्या तोंडाशी, दोन मीटर उंचीवर, शूरॅकच्या वर. चॅनल ६ आणि १४९.

हॉल, ५ : १९६
मागची खोली, ५ : उणे ६६ डीबीएम, दुपारी १७०, रात्री १६०
मागची खोली, २.४ : उणे ५८, रात्री ३८

एकच त्रास उरला. रात्री फोन फोटोंचा बॅकअप घेतात तेव्हा कॉल अजून अडकतो. राउटरला पिंग (पॅकेट जाऊन परत यायचा वेळ) २-४ मिलिसेकंद स्थिर, बाहेर ८.८.८.८ ला मात्र एरवी २०-२५ आणि बॅकअपच्या वेळी २६०.

डेसिबल

उणे ८१ वरून उणे ६६ म्हणजे १५ डीबी, सुमारे तीसपट ताकद. केबल आणि शूरॅकच्या किमतीत. मेश विसरा.

राउटरला पिंग स्थिर आहे, म्हणजे हे वायफाय नाही. अपलोड तुडुंब भरलं की पाठवायच्या पॅकेटांची रांग साचते आणि कॉलची पॅकेटं त्या रांगेत शेवटी उभी राहतात. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (ही रांग आवरणारी सेटिंग) असेल तर ते चालू करा आणि अपलोडची मर्यादा केबलवर मोजलेल्या आकड्याच्या ९० टक्के द्या, डाउनलोडलाही तेवढीच. मग बॅकअप चालू ठेवून पिंग पुन्हा पाहा, ५० च्या आत आला पाहिजे. नाही आला तर ८५ टक्के. फोनमध्ये बॅकअप रात्री दोनला लावला तरी काम होतं, पण घरातल्या सगळ्यांचे फोन हाती लागले पाहिजेत.

संत्राबर्फी

बरं, मेश मग कुणासाठी असतो?

वैनगंगा

महाल भागातली जुनी, फूटभर जाडीच्या भिंतींची लांबट घरं, दोन मजले, किंवा एका राउटरने काही केल्या उणे ७० च्या आत येत नाही अशी जागा. तिथेही दोन्ही नोड लॅन केबलने जोडा. दोन बँडचा (२.४ आणि ५) मेश बिनतारी जोडला की एकच रेडिओ राउटरशीही बोलतो आणि तुमच्याशीही, वेग निम्म्यावर येतो. साध्या एक्स्टेंडरचं तेच. त्यात लोक तो सिग्नल मेलेल्या खोलीत लावतात. मेलेला सिग्नल पुढे पाठवून काय मिळणार? उणे ६० ते ६५ जिथे आहे तिथे लावायचा. विजेच्या वायरीतून नेट नेणारे ॲडॉप्टर आपल्याकडे बेभरवशाचे. एक सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर, दुसरा थेट, किंवा दोन खोल्या दोन फेजवर असल्या की जोडच लागत नाही.

मनीषनगरकर

क्यूओएस ९० टक्के. बॅकअप चालू असताना पिंग ३१. कॉल नीट. टीव्हीला लॅन केबलने जोडलं तर मात्र टीव्हीवर पुन्हा ९४ दाखवतं, तीच नवी कॅट ६.

झिरो_माईल

टीव्हीची केबल चांगली आहे. बहुतेक टीव्हींचा लॅन पोर्टच १०० चा असतो. त्याला ५ वर ठेवा, वायफायवर जास्त मिळेल. फोर-के ला २५ पुरतात, तेव्हा केबल ठेवली तरी बिघडत नाही.

सावजी_सर्व्हर

आणि जूनमध्ये कूलर निघाला की राउटर परत खिडकीत ठेवजो नको भाऊ.